नियम हजर, अंमल रजेवर

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी छातीठोकपणे ऐकवलं, त्यांतल्या एकाच्याही घरी लिनक्स नव्हतं. आमच्या शेजारचे पाटील सर तर सकाळच्या फिरण्यात हे वाक्य सांगलीतल्या अर्ध्या विश्रामबागेला ऐकवून येतात. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर विंडोजवर चालतो. म्हणजे चालतो तेव्हा विंडोजवर चालतो.

माझ्याकडे लिनक्स आलं ते तत्त्वापायी नव्हे, चिकटपणापायी. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या डोक्यावरचा हात काढून घेतला. विंडोज ११ घ्यायला गेलो तर ते म्हणालं, तुमच्या लॅपटॉपात टीपीएम २.० नावाची चिप नाही, सबब प्रवेश नाही. आता लॅपटॉप धडधाकट, बटणं शाबूत, फक्त ‘एन’ जरा जोरात दाबावा लागतो. एका चिपेपायी तो भंगारात कसा घालायचा? हिंजवडीत सर्व्हर सांभाळणारा माझा भाचा ओंकार म्हणाला, “मामा, उबुंटू टाकून देतो. फुकट असतं.” त्यापुढेही तो बराच वेळ बोलत होता, पण ‘फुकट’ कानावर पडलं तेव्हाच माझा निर्णय झाला होता.

उबुंटू टाकून, पोहे खाऊन, चपला घालता घालता तो म्हणाला, “आणि मामा, यात अ‍ॅपआर्मर आहे. प्रत्येक प्रोग्रामची प्रोफाइल असते. त्याने काय करायचं, काय नाही, सगळं लिहिलेलं. त्यामुळे काळजी नको.”

निवृत्त बँक इन्स्पेक्टरला ‘सगळं लिहिलेलं आहे, काळजी नको’ असं कधीही सांगू नये. त्याची झोप उडते.

माझी उभी हयात बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. त्यामुळे नियम आहे का, असा प्रश्न मला पडतच नाही. नियम असतो. सर्क्युलर असतं, सर्क्युलरची फाइल असते, फाइलवर ‘नोटेड फॉर कॉम्प्लायन्स’ असा शेरा आणि खाली झोकदार सही असते. एका शाखेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या नियमाप्रमाणे दोघांकडे होत्या, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे. रजिस्टरात दोघांच्या सह्या रोजच्या रोज, शाई तीच, पण अक्षर वेगळं, म्हणजे आदर्श. मी म्हटलं, किल्ल्या दाखवा. दोन्ही किल्ल्या एकाच ड्रॉवरमधून, एकाच रिंगमध्ये निघाल्या. रिंगला शिर्डीचं किचेन. आणि त्या ड्रॉवरची किल्ली? “ती शिपायाकडे असते साहेब. आम्ही विसरतो म्हणून.”

तेव्हा ओंकारची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळण्याआधीच मी लॅपटॉपपुढे बसलो होतो. प्रोफाइल आहेत हे ठीक. पाळतंय कोण?

अ‍ॅपआर्मरचा मामला तसा सरळ आहे. ‘ईटीसी’ फोल्डरच्या पोटात ‘अ‍ॅपआर्मर डॉट डी’ नावाचं फोल्डर आहे. त्यात साध्या मजकुराच्या फायली. एकेका फाइलीत एकेका प्रोग्रामचं नाव आणि त्याला कुठल्या फायली वाचता येतील, कुठे लिहिता येईल, नेटवर्कला हात लावता येईल का, दुसरा कुठला प्रोग्राम चालवता येईल, याची यादी. यादीत नाही ते बंद. प्रोग्राम मग साक्षात रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकाराने चालत असला तरी. आणि हे बघणारा साधासुधा नाही, खुद्द कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. वशिला नाही, चहापाणी नाही. वाचून मला भरून आलं. असा स्टाफ आम्हाला मिळाला असता तर!

या अ‍ॅपआर्मरचा सर्व्हिस रेकॉर्डही मी काढला. इम्युनिक्स नावाच्या कंपनीत ‘सबडोमेन’ या नावाने तो नोकरीला लागला. २००५ साली नोव्हेलने ती कंपनी विकत घेतली, म्हणजे विलीनीकरण. २००७ साली नोव्हेलने या कामावरची माणसंच घरी बसवली, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, ज्यात स्वेच्छा दुसऱ्याची असते. पुढे उबुंटूवाल्या कॅनॉनिकलने त्याला पदरात घेतलं आणि २०१० साली लिनक्स कर्नलच्या २.६.३६ या आवृत्तीत तो एकदाचा कायम झाला. डेबियन नावाच्या दुसऱ्या लिनक्सने तर २०१९च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत त्याला आपणहून कामावर घेतलं नव्हतं. ज्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेत दिवस काढलेत त्यांना हा प्रवास वाचून गहिवरून येईल.

ओंकारने फोनवर कमांड सांगितली: एए-स्टेटस. मी टाइप केली. उत्तर आलं, अ‍ॅपआर्मर मॉड्यूल लोड झालेलं आहे. छान. पुढची ओळ: प्रोफाइलचा संच वाचण्याइतके अधिकार तुम्हाला नाहीत. म्हणजे खातं अस्तित्वात आहे, काम चालू आहे, पण कोणतं काम ते तुम्हाला सांगता येत नाही. हेड ऑफिसला पत्र लिहिलं की नेमकं हेच उत्तर यायचं, फक्त इथे ते लगेच आलं.

“पुढे सुडो लावा मामा, म्हणजे रूटचे अधिकार मिळतील.”

सुडो लावलं. पासवर्ड मागितला. मी टाइप करू लागलो आणि स्क्रीनवर काही उमटेना. टिंब नाही, चांदणी नाही. आमच्या मंडळी चहा घेऊन आल्या होत्या. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

“अहो, काही उमटत नाहीये.”

“असंच असतं.”

“मग बरोबर टाकताय हे तुम्हाला कसं कळतं?”

“कळत नाही.”

“आणि हे सुरक्षित?”

मी उत्तर दिलं नाही. माझ्या पासवर्डात ‘एन’ आहे, आणि तो जोरात दाबायचं राहून गेलं होतं.

शेवटी यादी उघडली आणि माझ्या नजरेसमोर जो देखावा उभा राहिला त्याने निवृत्तीचं सार्थक झालं. शंभराच्या वर प्रोफाइल! ओळीमागून ओळ, ए टू झेड. मी वही काढली, समास आखला, ‘अनुक्रमांक, नाव, शेरा’ असे रकाने पाडले. प्रिंट काढता आली असती, पण आमच्याकडे प्रिंटर नाही. हा प्रिंटर लक्षात ठेवा.

नावं लिहिता लिहिता हात थबकला. वन-पासवर्ड. डिस्कॉर्ड. स्टीम. स्टीम म्हणजे पोरं गेम खेळतात ते. सर्फशार्क. मायक्रोसॉफ्ट एज. एक तर टक्सेडो या जर्मन कंपनीच्या लॅपटॉपांचं कंट्रोल सेंटर निघालं. सांगलीत मी अजून टक्सेडोच पाहिलेला नाही, त्याचा लॅपटॉप तर दूर.

“एज म्हणजे त्या विंडोजवाल्यांचंच ना? ते इथे काय करतंय?” मंडळींनी विचारलं.

“ते इथे नाहीये. त्याची प्रोफाइल आहे.”

“तो नाही आणि त्याची प्रोफाइल आहे?”

आमच्या एका शाखेत बदली होऊन गेलेल्या क्लार्कच्या नावाने मस्टरवर महिनोन्‌महिने सह्या होत होत्या, त्याची आठवण होऊन मी पुन्हा ओंकारला फोन लावला.

“मामा, ती तयारी असते. उद्या कुणी स्टीम टाकलं तर प्रोफाइल आधीपासून हजर.”

“पण मग त्या प्रोफाइलमध्ये त्याला बंदी कशाकशाची आहे?”

“कशाचीच नाही.”

मला वाटलं रेंज गेली. म्हणून मी ती फाइलच उघडली. माझा अनुभव सांगतो, दप्तरात सगळे खोटं लिहितात, पण समासात कधीतरी कुणीतरी खरं लिहून जातो. इथेही तसंच. फाइलच्या वरच्या भागात बनवणाऱ्यानेच टीप लिहून ठेवली होती: या प्रोफाइलमध्ये सर्व काही करायला मोकळीक आहे, आणि ही प्रोफाइल केवळ त्या प्रोग्रामला एक नाव मिळावं यासाठी आहे. बस्स. खाली एका शब्दाची परवानगी आणि कंस बंद.

ओंकारने मग नीट समजावलं. झालं असं, की कुठल्याही साध्या प्रोग्रामला आपल्यापुरतं एक वेगळं विश्व उभारायची सोय कर्नलमध्ये असते. त्याला युजर नेमस्पेस म्हणतात. ब्राउझरला ती हवी असते, कारण संशयास्पद पानं तो त्या विश्वात कोंडून ठेवतो. पण तीच सोय चोरांच्याही पथ्यावर पडते. म्हणून उबुंटूने २३.१०मध्ये त्यावर बंधन आणायला सुरुवात केली आणि २४.०४मध्ये ते सरसकट लावलं: ज्याची प्रोफाइल असेल आणि तीत परवानगी असेल त्यालाच ही सोय. तसं केल्याबरोबर अर्धे प्रोग्राम अडकणार. मग त्यांच्यासाठी या नाममात्र प्रोफाइल. म्हणजे आधी दार बंद करायचं, मग नेहमीच्या लोकांना पास वाटायचे, आणि पासावर लिहायचं, ‘यांना काहीही विचारू नये’. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हो, अनोळखी माणूस बाहेर राहतो. पण माझ्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी त्या सगळ्यांपुढे ‘ऑफिसर ऑन स्पेशल ड्युटी’ असं लिहिलं. पद आहे, केबिन आहे, काम विचारू नये.

खरा कडक बंदोबस्त, ज्याला एन्फोर्स म्हणतात, तो कोणाकोणावर आहे ते पाहू लागलो. पहिल्या फळीत निघाला ‘मॅन’. मॅन म्हणजे लिनक्समधली मदतीची पुस्तिका दाखवणारा गरीब प्रोग्राम. माणूस शिकायला बसला की त्याला पानं उलटून दाखवतो. त्याच्यावर आणि त्याच्या दोन मदतनिसांवर चोवीस तास पहारा. (कारण आहे. बाहेरून आलेल्या पानात कुणी काही कालवलेलं असू शकतं.) आणि ‘आरएम’ म्हणजे डोळे मिटून फायली कायमच्या पुसून टाकणारा प्रोग्राम? त्याची प्रोफाइलच नाही. ज्ञान देणाऱ्याची झडती आणि कुऱ्हाडवाल्याला सलाम! मी ओंकारला खडसावलं. तो म्हणाला, “मामा, आरएमने पुसायचं नाही तर काय करायचं? त्याचं कामच ते आहे.” हा युक्तिवाद मी कर्जवसुली खात्यात ऐकलेला होता.

आणि मग छपाई. कप्स नावाची छपाईची सेवा, तिच्या जोडीला नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा कप्स-ब्राउज्ड, दोघेही एन्फोर्समध्ये आणि दोघेही या क्षणी हजर, कार्यरत. तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडे प्रिंटर नाही. कधी नव्हता. झेरॉक्स कोपऱ्यावर दोन रुपयांत मिळते. तरी हे दोघे पहाटेपासून बसलेले, आणि त्यांच्यावर कर्नलची नजर. मी म्हटलं, याच्यापेक्षा काम करणाऱ्यांवर नजर ठेवा. तर कळलं, सप्टेंबर २०२४मध्ये याच कप्स-ब्राउज्डच्या परिवारात मोठी भोकं सापडली होती. नेटवर्कवरून कोणीही ‘मी प्रिंटर आहे’ असं सांगायचं आणि हा भोळा विश्वास ठेवायचा. म्हणजे ज्याला काम नाही त्याच्यावरच नजर ठेवावी लागते, हे तत्त्व आमच्या खात्याला फार पूर्वी कळलं होतं, फक्त आम्ही ते अमलात आणलं नाही, कारण मग हेड ऑफिसपासून सुरुवात करावी लागली असती.

इथवर वहीची पानं भरली होती. पण एए-स्टेटसचा खालचा भाग मी अजून वाचलाच नव्हता. वरचा भाग सांगतो, कपाटात प्रोफाइल किती. खालचा सांगतो, आत्ता चालू असलेल्या प्रोसेसपैकी प्रत्यक्ष अंगावर प्रोफाइल घेऊन वावरणारे किती. वर शंभरावर, आणि खाली? हाताची बोटं पुरली, आणि मोजून झाल्यावर काही उरलीसुद्धा. त्यातही फायरफॉक्स दोन-तीनदा, कारण तो वेगवेगळ्या साइटसाठी वेगळा माणूस लावतो.

आणि शेवटाकडे ती ओळ होती, जिच्यासाठी मी त्या अ‍ॅपआर्मर बनवणाऱ्यांना सांगलीची हळद भेट पाठवायला तयार आहे. ‘प्रोफाइल ठरवलेली आहे, तरीही मोकळे फिरत असलेले प्रोसेस’, आणि पुढे आकडा!

विचार करा. मी हजारो रिपोर्ट वाचले. नियम आहेत त्याचा रकाना असतो, नियम पाळले त्याचा असतो, त्रुटी आढळल्यास त्या दूर केल्याचं सर्टिफिकेट असतं, तेही त्रुटी तशाच असताना. पण ‘नियम आहे, लागू आहे, माणूस समोर बसलाय आणि पाळत नाहीये, अशांची संख्या’ असा रकाना कुठल्याच बँकेत, कुठल्याच सोसायटीत, कुठल्याच सरकारी छापील फॉर्मवर मी पाहिला नाही. हा रकाना कागदावर आणायला नैतिक धैर्य लागतं. माझ्याकडे त्या रकान्यात एक होता.

“एक आहे!” मी ओरडलो.

आतून आवाज आला, “झुरळ?”

तो कसा सुटला, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. अ‍ॅपआर्मरची प्रोफाइल प्रोग्राम सुरू होतानाच अंगावर चढते. प्रोग्राम आधीपासून चालू असेल आणि प्रोफाइल मागाहून लोड झाली, तर तो जुन्या नियमानेच, म्हणजे बिननियमाने, चालत राहतो. त्याला बंद करून पुन्हा सुरू केलं की मुकाट्याने वेसण घालून घेतो. आमच्या प्रत्येक शाखेत असा एक असायचाच. “मी हे सर्क्युलर येण्याआधीचा आहे साहेब.” त्याला बंद करून पुन्हा सुरू करायची सोय मात्र आमच्याकडे नव्हती.

आता माझ्या अंगात वारं संचारलं होतं. ओंकारने तोंडातून सहज काढलं, की एए-अनकन्फाइन्ड नावाची आणखी एक कमांड आहे, नेटवर्कवर कान लावून बसलेले आणि तरी कुठल्याही प्रोफाइलच्या बंधनात नसलेले ती शोधून देते. टाइप केली. तर उबुंटू म्हणालं, ही कमांड नाही, हवी तर अ‍ॅपआर्मर-युटिल्स बसवा. म्हणजे पहारा आपोआप मिळतो, पण पहाऱ्याची तपासणी करायची तर वेगळा अर्ज. बसवलं. चालवली. ओळी आल्या, पुढे ‘नॉट कन्फाइन्ड, नॉट कन्फाइन्ड’.

“अवाही मोकळी आहे!” मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

लाटणं थांबलं. “कोण ही?”

“अवाही. रात्रंदिवस आपल्या वायफायवर बसून असते. आजूबाजूला कोण कोण आहे, कुणाकडे काय आहे, सगळी खबर ठेवते. आणि तिच्यावर कसलंही बंधन नाही.”

“खालच्या मजल्यावरच्या का?”

समजूत घालायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. अवाही-डेमन हा घरच्या नेटवर्कवरचे प्रिंटर वगैरे हुडकणारा प्रोग्राम आहे, हे मी सांगितलं. त्यावर मंडळींचा एकच प्रश्न होता, “पण आपल्याकडे प्रिंटर कुठाय?” माझ्या घरात नसलेल्या प्रिंटरसाठी एकूण किती जण राबतात, याचा हिशोब मी त्या दिवशी वहीत मांडला आणि मिटला.

आता तिसरा वर्ग, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यांत ओळखीचा. कम्प्लेन मोड. यात प्रोफाइल असते, नियम असतात, प्रोग्रामने नियम मोडला की लॉगमध्ये त्याची साद्यंत नोंद होते, आणि त्याला अडवलं जात नाही. ‘रिमार्क मारून पास’ म्हणायचो आम्ही. व्हाउचरवर सही जुळत नाही, लाल शाईत ‘सही जुळत नाही’ लिहायचं आणि पैसे द्यायचे. या मोडमध्ये माझ्या यादीत होतं लिबरऑफिस, म्हणजे घरातला एकमेव प्रोग्राम, ज्यावर खरोखर काही काम होतं. आमच्या मंडळी त्यावर घरखर्चाचा हिशोब ठेवतात.

“हे मी एन्फोर्समध्ये टाकतो,” मी ओंकारला कळवलं.

“मामा, लिबरऑफिस घरात वापरतं कोण?”

“तुझी मामी.”

“मग राहू दे.”

“का?”

उत्तरादाखल त्याने आपल्या धंद्यातली रीत सांगितली. डेटाबेसची जागा भरते, माणूस डेटा मोठ्या डिस्कवर हलवतो, मायएसक्यूएल सुरू करतो आणि उत्तर येतं, परवानगी नाकारली, एरर १३. तो मालकी तपासतो. बरोबर असते. परवानग्या तपासतो. बरोबर असतात. मग चिडून सगळ्यांना सगळं करायची मुभा देतो, ७७७. तरी नाही. रात्री कधीतरी कळतं की अ‍ॅपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये अजून जुनाच पत्ता आहे. एका ओळीचं काम असतं, नवा पत्ता लिहिला की झालं. “पण मामा, त्या वेळी लोक ओळ लिहीत नाहीत. प्रोफाइलच बंद करतात. आणि सकाळी ती परत चालू करायची असते, ती सकाळ कधी येत नाही.” रेड हॅटच्या लिनक्स घराण्यात अ‍ॅपआर्मरऐवजी एसईलिनक्स असतं, ते तर अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने तयार केलेलं. एवढ्या मोठ्या हेरखात्याचा बंदोबस्त, आणि अनेक ठिकाणी पहिली कमांड काय दिली जाते? ‘सेटएन्फोर्स शून्य’. कारण काय, तर एक वेबसाइट उघडत नव्हती.

हे सगळं ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण मी इन्स्पेक्शनचा माणूस. रिमार्क मारून पास करण्यात माझं आयुष्य गेलं, आता एकदा तरी अडवून बघायचं होतं. सुडो, एए-एन्फोर्स, एंटर. लिबरऑफिस कडक झालं. मी समाधानाने वामकुक्षी घेतली.

“अहो, हिशोब उघडत नाहीये.”

मंडळींची पद्धत अशी, की वर्ष संपलं की जुन्या फाइलचं नाव बदलून ‘हिशोब.जुना’ करायचं. कालपर्यंत टिचकी मारली की उघडत होती. मी लॉग काढला. त्यात लिबरऑफिसच्या नावापुढे ‘डिनाइड’ असं ठळक, पण कोणती फाइल नाकारली ते म्हणावं तर भलतंच: २एफ६८६एफ६डी६५... आणि असं करत करत ओळ संपेपर्यंत. फाइलचं नाव देवनागरीत असलं की लॉग ते अक्षरांत न लिहिता आकड्यांत लिहितो. म्हणजे आमच्या हिशोबाला आधी अडवलं आणि मग ओळखायलाही नकार दिला.

कारण सापडलं ते प्रोफाइल ओळीने वाचल्यावर. लिबरऑफिसला घरच्या फोल्डरमधल्या फायली उघडायची परवानगी आहे, पण नावाच्या शेवटी काय असावं याची भली मोठी यादी दिलेली आहे. ओडीएस चालेल, एक्सएलएस चालेल, पीडीएफ, जेपीजी, असं बरंच काही चालेल. ‘जुना’ चालणार नाही. यादी करणाऱ्यांनी जगभरच्या फायलींचा विचार केला होता, पण वर्षअखेरीला ‘जुना’ लिहून मोकळ्या होणाऱ्या बायकांचा नव्हता केला.

“नाव बदलून ओडीएस करूया का?” मी विचारलं.

“मी नाही बदलणार. उघडायची तर तशीच उघडा.”

यावर उपाय म्हणजे एए-लॉगप्रॉफ. हा लॉग वाचतो आणि प्रत्येक नकाराबद्दल आपल्याला विचारतो: मुभा देऊ, नाकारू, की सोडून देऊ? शिवाय प्रकरण किती गंभीर आहे याचे दहापैकी गुणही देतो. आमच्या हिशोबाला चार मिळाले. मंडळींना ते कमी वाटले. मी आधी फक्त वाचायची मुभा दिली, नियमाप्रमाणे, गरजेपुरती. पुन्हा नकार: लिहायची नाही. ती दिली. पुन्हा नकार: कुलूप लावायची नाही. दरम्यान लॉगप्रॉफ लिबरऑफिसच्या इतर भानगडीही उकरून काढत होता. हा फॉन्ट, तो थीमचा फोल्डर, ही तात्पुरती फाइल. पहिल्या काही प्रश्नांना मी विचार करून उत्तर दिलं. पुढे नुसता पत्ता वाचून. त्यापुढे ‘ए’ दाबायचा, ए म्हणजे अलाऊ, पुन्हा ए, पुन्हा ए. संध्याकाळी कॅश बंद व्हायच्या वेळेला व्हाउचरचा गठ्ठा समोर आला की मनगटाला जी लय सापडायची, ती कित्येक वर्षांनी पुन्हा सापडली. मी काय काय मंजूर केलं ते मला सांगता येणार नाही. पण सगळं रीतसर मंजूर केलं.

“झालं,” मी म्हटलं, आणि फाइलवर टिचकी मारली.

उघडली. मंडळी कुकर बंद करायला आत गेल्या होत्या, म्हणून पडद्यापुढे मी एकटाच होतो. दोन कॉलम होते. पहिल्याचं शीर्षक ‘ह्यांना सांगायचे’. त्याखाली भाजी, गॅस, लाइटबिल, इस्त्री. दुसऱ्याचं शीर्षक ‘ह्यांना सांगायचे नाही’. त्याखाली भिशी, मग माहेरची एक नोंद, मग पुन्हा भिशी, पण वेगळी. पहिला कॉलम पानातच संपत होता. दुसरा कुठवर जातो ते बघायला मी खालचा बाण दाबला, तेवढ्यात मागून हात आला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

“हे कधीपासून चाललंय?” मी विचारलं.

“तुम्ही बँकेत होतात तेव्हापासून. आधी वहीत होतं.”

“आणि मला, इन्स्पेक्टरला, कधी सापडलं नाही?”

“तुम्ही व्हाउचर कधी मागितलंत?”